अनुदान आणि ऋण

सरकारी साहाय्याने होणाऱ्या सांस्कृतिक कार्यक्रमांविषयी आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींत एक वाद नेहमी निघतो. एक पक्ष म्हणतो, कला रसिकांच्या पदरच्या पैशावर जगली पाहिजे. सरकारच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला स्वतःचा कंठ उरत नाही. दुसरा पक्ष विचारतो, ज्याच्या रसिकांच्या पदरी पैसाच नाही, त्या खेड्यातल्या गोंधळ्याने मग काय करावे? दोहोंतही तथ्य आहे. परंतु देणारा तो दाता आणि घेणारा तो याचक, एवढे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच आम्हांस तपासून पाहावयाचे आहे.

१९८५-८६ च्या सुमारास देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली. त्यांपैकी नागपूरच्या दक्षिण-मध्य केंद्राच्या कक्षेत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि आम्ही राहतो ते तेलंगण ही राज्ये येतात. महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम केंद्राचाही सभासद आहे. एक राज्य दोन केंद्रांत असू शकते, याचा अर्थ संस्कृतीची शीव नकाशावरल्या रेषेपाशी संपत नाही, हे या योजनेने निदान कागदावर तरी मान्य केलेले आहे. आणि ते खरेही आहे. तेलंगणातील ओग्गू कथा सांगणारे गायक डमरू वाजवीत मल्लण्णाची कथा गातात. हा मल्लण्णा, कर्नाटकाचा मैलार आणि जेजुरीचा खंडोबा ही एकाच दैवताची रूपे आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वाघ्यामुरळीचे जागरण आणि ओग्गू कथा एका रंगमंचावर आणून त्यांचे नाते जाणत्याकडून समजावून घ्यावे, हे कार्य कोणतेही नाट्यगृह तिकिटाच्या उत्पन्नावर सहसा करणार नाही. अशा कामी सार्वजनिक पैसा खर्च होणे आम्हांस सर्वस्वी इष्ट वाटते.

तथापि पहिल्या पक्षाची भीती निराधार नव्हे. आमच्या हैदराबादेस या बाबतीत मोठी स्मृती आहे. निझामी राजवटीत १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ ने सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगीचे बंधन घातले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३१ साली, ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली याच नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले. त्या काळी सत्तेकडे अनुमती मागावी लागे. आज साहाय्य मागता येते. हा पालट लहान नाही. परंतु परवानगीचा फास माणसाला निदान दिसतो आणि टोचतो. उपकाराचा फास मऊ असतो. कोणी दटावीत नाही, तरीही वक्ता आपले वाक्य आपणच आखूड करतो. संयोजक अडचणीचा विषय आपणच वगळतो. आणि दोघेही त्याला सौजन्य म्हणतात.

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ ही आपली जुनी शिकवण. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनाला हा मिठाचा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. म्हणूनच येथे तीन शब्द निराळे केले पाहिजेत. वेतन हे कामाचे मोल आहे; त्यामागे करार असतो, आणि सेवेचे नियम आपण पत्करलेले असतात. दान हे दात्याच्या स्वतःच्या पदरचे असते. त्याला कृतज्ञता शोभते. अनुदान यांपैकी काहीच नव्हे. ते देणाऱ्याच्या मालकीचे नसते आणि घेणाऱ्याचेही होत नाही. काडेपेटी विकत घेणारा मजूरसुद्धा त्या किमतीत कर भरतो. म्हणजे मीठ त्याचे आहे. मंत्री, अधिकारी आणि संयोजक हे सारे त्या ठेवीचे विश्वस्त तेवढे आहेत. मिठाला जागावयाचे तर त्या मजुराला जागले पाहिजे, आणि तो तर बहुधा सभागृहाच्या बाहेरच असतो.

अनुदानाच्या कागदांत ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ नावाचा एक कागद असतो. मंजूर रक्कम ज्या प्रयोजनासाठी दिली, त्याच प्रयोजनासाठी ती खर्च झाली, असे त्यात लिहून द्यावे लागते. तो कागद आवश्यकच आहे. ज्याचा हिशेब नाही ती ठेव राहत नाही. पण त्याची धाव मांडवाच्या आणि प्रवासखर्चाच्या पावत्यांपर्यंतच. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि मान्यवरांची मनोगते यांत दीड तास गेला व दूरच्या खेड्यातून आलेल्या गायकाच्या वाट्याला अखेरची पंधरा मिनिटे आली, तरी ते प्रमाणपत्र खोटे ठरत नाही. नाटकाला गर्दी करणारे आपल्यापैकी पुष्कळजण ओग्गू कथेच्या वेळी उठून गेले, तरीही खोटे ठरत नाही. हा दुसरा हिशेब कोणी लेखापरीक्षक तपासावयास येणार नाही. तो श्रोत्यांनी आणि संयोजकांनी आपल्या मनाशीच मांडावयाचा आहे.

येथे आम्हांस आपल्या परंपरेतील ऋणकल्पना उपयोगी वाटते. ऋषिऋण द्रव्याने फिटत नाही. ते स्वाध्यायाने फिटते, म्हणजे मिळालेले ज्ञान आत्मसात करून पुढे देण्याने. सार्वजनिक पैशाने ऐकलेल्या व्याख्यानाचे ऋणही आभारप्रदर्शनाने फिटत नाही. ते लक्षपूर्वक ऐकल्याने, शंका विचारल्याने आणि दार अधिक उघडे ठेवल्याने फिटते.

मतभेद बोलून दाखविणे हाही त्या फेडीचाच भाग होय. १९७५ साली, देशात आणीबाणी असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते तत्कालीन केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी तेथे लेखकाच्या स्वातंत्र्याचा निर्भय पुरस्कार केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करविली. यजमानाच्या मांडवात असे बोलणे हा कृतघ्नपणा होता काय? मांडव यजमानाचा मानला तर कदाचित होय. तो समाजाचा मानला तर दुर्गाबाईंनी समाजाची ठेवच सांभाळली असे म्हणावे लागेल. पुढे त्यांना कारावासही घडला; तेव्हा या हिशेबाची किंमत कधी कधी बरीच भारी असते, हेही विसरता येत नाही.

म्हणून कार्यक्रमाला जावे की नाही, हा वाद आम्हांस दुय्यम वाटतो. अवश्य जावे. मात्र साहाय्य उघड नियमांनी मिळाले काय, वक्त्याची जीभ मोकळी होती काय, आणि ज्याच्या करातून तो मांडव उभा राहिला त्याला आत येण्यास वाट होती काय, हे तीन प्रश्न बरोबर घेऊन जावे. उत्तर ‘नाही’ आले तर ते संयोजकांना सांगावे, पुढच्या वर्षीचे अनुदान धोक्यात येईल अशी कुजबुज झाली तरीही सांगावे. अनुदान बंद झाले तर सतरंजी अंथरून वर्गणीवर कार्यक्रम करता येतो. परप्रांतातल्या आपल्या मंडळांनी तो वर्षानुवर्षे केलेला आहे. खरे बोलण्याची सवय एकदा मोडली, तर ती मात्र कोणत्याही योजनेतून मंजूर करून घेता येत नाही.