धाकट्याचं नाव

लातूरच्या भाचीला मुलगा झाला. मोठी मुलगी चार वर्षांची, तिचं नाव आरोही. बारसं पाच दिवसांवर आलं आणि फोनवर एकच तक्रार सुरू झाली, "मामा, आरोहीला जुळंल असं नावच सापडंना." मी नांदेडला मराठी शिकवण्यात आयुष्य काढलं, म्हणून नातलगांत नावं सुचवण्याचं काम माझ्याकडे येतं, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासण्याचं येतं तसंच.

गुरुजींनी हस्त नक्षत्राचा तिसरा चरण काढून दिला होता. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे १०८ चरण असतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे बाळाच्या वाट्याला 'ण' आला. 'ण'नं सुरू होणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गुरुजींनाही ही अडचण नवी नव्हती. राशीतलं दुसरं अक्षर घ्या, 'प' घ्या, म्हणाले. पण 'प' घेतला की आरोहीचा 'आ' सुटतो आणि भाचीला तर 'आ'च हवा. मुळात त्या चक्राची रचनाच अशी की दोन भावंडांची अक्षरं जुळली तर तो योगायोग. सगळ्या लेकरांची नावं एका अक्षरावरून ठेवायची हौस आणि पंचांग एका घरात नांदत नाहीत. लोक मग पत्रिकेतलं नाव वेगळं आणि चालू नाव वेगळं ठेवून दोघांचाही मान राखतात. भाचीच्या सासऱ्यांनी, "आरोहीच्या मागून अवरोहच की," असा विनोद केला. त्यांना संगीतातलं कळतं. घरात मात्र कुणी हसलं नाही.

या हौशीचा मला राग नाही. पण नाव जुळणं म्हणजे नेमकं काय जुळणं, हे विचारून पाहावंसं वाटलं.

आज जुळतो तो आवाज. पहिलं अक्षर एक, नाहीतर शेवट एक, आणि नाव दोन-तीन अक्षरांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. लातुरात शिकवणी वर्गांचे फलक पाहावेत. 'लातूर पॅटर्न'च्या त्या शहरात निकाल लागले की रस्त्यारस्त्यावर मुलामुलींचे फोटो झळकतात. फोटोखालचं पहिलं नाव अथर्व, वेदांत, श्रेया असतं आणि त्याला लागून बापाचं नाव येतं व्यंकट, ज्ञानोबा, मन्मथ. ही दोन नावं जोडून वाचताना मला त्या घराचा पन्नास वर्षांचा प्रवास दिसतो, गुणांचा आकडा नंतर.

त्या बापांच्या पिढीत आवाज जुळवायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. जुळायचा तो देव. नांदेड-लातूरकडे बालाजी आणि व्यंकट हे सख्खे भाऊ तुम्हाला कुठेही भेटतील. दोन्ही नावं तिरुपतीच्या एकाच देवाची. तिसऱ्याचं नाव गोविंद ठेवलं तर तेही त्याचंच. बापानं एकच देव तीन पोरांना वाटून दिला आणि अंगणात कधी गोंधळ झाला नाही, कारण हाक मारताना ते व्यंक्या, बाळ्या आणि गोंद्याच होते. लिंगायत घरात बसवराज, शिवराज, मन्मथ. माहूरच्या वाटेवरल्या गावांत दत्ता आणि रेणुका. माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या घरी खंडू. यमक साधायचंच असेल तर ते आपल्या बोलण्यातला 'या' आपोआप साधतो. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांच्या घराण्याचं गाव मानतात. त्या नामदेवांच्या मुलांची नावं परंपरेनं नारा, विठा, गोंदा आणि महादा अशीच सांगितली आहेत. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही कागदावरची नावं. आईनं मारलेल्या हाकेत चौघांचाही शेवट एक झालाय. देवाचं नाव लेकराला ठेवण्यामागचा हिशेब भागवतातल्या अजामिळाच्या कथेत आहे. मरताना त्यानं हाक मारली ती धाकट्या मुलाला, नारायणाला, आणि तो तरला. पहिल्या नऊ मुलांची नावं काय होती, ते कुणी विचारत नाही.

आवाजाच्या पलीकडे अर्थ जुळवायचा म्हटलं तर मराठवाड्याला लांब जायला नको. पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही नावं ठेवली गेली. कीर्तनकार सांगतात की ही साधनेची वाट आहे. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग जिना, मग मुक्ती. चारही नावांत एक अक्षर सामाईक नाही, यमक नाही, तरी सातशे वर्षं ती एका दमात म्हटली जातात. मला मात्र त्या पहिल्या नावाचंच जास्त नवल वाटतं. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता आणि गुरूंच्या आज्ञेवरून ते संसारात परत आले होते. गाव वाळीत टाकण्याच्या तयारीत. अशा माणसानं पहिल्या मुलाचं नाव निवृत्ती ठेवावं! त्यात वेदान्त किती आणि स्वतःच्या फसलेल्या निवृत्तीची आठवण किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण एवढं नक्की की निवृत्तीला पाळण्यात घातलं तेव्हा मागून तिघं येणार आहेत, शेवटी मुलगी येणार आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. ती वाट धाकट्यांनी मागाहून पुरी केली. मोठ्याच्या नावाला अर्थ धाकट्यांच्या नावांनी आला. आपण करतो ते बरोबर उलटं. मोठ्याचं नाव खुंटीसारखं ठोकतो आणि धाकट्याला त्यावर टांगतो.

नांदेडकराला इथं साहिबजादे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो इथंच, गोदावरीच्या काठी. त्यांचे चार पुत्र म्हणजे अजितसिंग, जुझारसिंग, जोरावरसिंग आणि फतेहसिंग. चार नावं, एकच बाणा. अक्षराची जुळवाजुळव नाही. वेरुळच्या भोसल्यांच्या घरातली गोष्ट याहून मजेची आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, दोन मुलगे झाले, आणि एका पिराचं नाव दोघांत वाटलं गेलं, शहाजी आणि शरीफजी, असं बखरी सांगतात. भावांची नावं याहून घट्ट जोडलेली मला माहीत नाहीत. त्याच घरात पुढं शिवाजीराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी होतं. ते कनकगिरीच्या वेढ्यात पडले आणि राजांच्या पहिल्या मुलाचं नाव संभाजी झालं.

गेलेल्या भावंडाला जुळवून ठेवलेली नावं आपल्याकडे याहून गरीब घरांत जास्त आहेत. दगडू, धोंडीबा, कचरू, उकंडा. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून हे नाव. काळाला वाटावं हा दगड आहे, हा उकिरड्यावरचा आहे, याला काय न्यायचं. असं नाव ऐकलं की त्याच्या मागं एक पाळणा रिकामा आहे, हे जुन्या माणसांना न सांगता कळायचं.

आणि न जन्मलेल्या भावाला जुळवून ठेवलेलं नाव म्हणजे नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात अडीचशेहून जास्त नकोशींची नावं सरकारी समारंभात बदलली. त्या नावाचा अर्थ आपण मुलीचा तिटकारा एवढाच लावतो. पण नाव ठेवणारी आजी त्यातून देवाशी बोलत असते, आता ही पुरे, पुढचा मुलगा दे म्हणून. म्हणजे बहिणीचं नाव भावाला उद्देशून आहे. तो आला तर त्याला नकोशीला शोभेल असं नाव कुणी शोधत नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ होत्या, लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. मराठवाड्यात बहिणीचं नाव भावासाठी ठेवायची वेळच न येऊ देण्याचे मार्ग निघाले होते, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा भावंडांची नावं जुळली नाहीत तर बिघडत काहीच नाही. उलट काही घरांत ती जुळत नाहीत, हाच त्या घराचा इतिहास आहे. मी ज्या शाळेत पहिली दहा वर्षं होतो तिथल्या हजेरीपटांवरून मला हे कळलं. थोरला कचरू, त्याच्यानंतरचा धोंडीबा, आणि मग एकदम सिद्धार्थ, मिलिंद, प्रज्ञा. मधे १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांच्या धर्मांतराचा दिवस, आलेला असतो. गावानं तोंडावर फेकलेली नावं आणि आईबापांनी स्वतः निवडलेली नावं एकाच शिधापत्रिकेवर. अशा घरात धाकट्यानं थोरल्याला जुळवून घ्यायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं? याच नांदेड-परभणीत १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, एवढी नावाची किंमत लोकांनी मोजलेली आहे. त्यामुळे गुळगुळीत जोडीच्या नावांपुढं मला ती विजोड हजेरी अजूनही जास्त वाचावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगितली ती तिला पटली नाही. ही जोडी ऐकणार कोण? आपल्याकडे धाकटा थोरल्याचं नाव घेतच नाही. ताई, अक्का, दादा, भाऊ. आरोहीला हा पोरगा जन्मभर ताई म्हणणार. दोन्ही नावं एका श्वासात येणार ती आईनं जेवायला हाक मारली तर, आणि नाहीतर कागदावर.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून माझी सांगतो. आमचं गाव गोदावरीच्या काठचं. या बाजूला तिला गंगाच म्हणतात. वडिलांनी थोरल्या बहिणीला नदीचं नाव ठेवलं आणि चार वर्षांनी मी झालो तेव्हा त्या नदीला डोक्यावर धरणाऱ्याचं नाव मला दिलं. जोडी इतकी नेटकी जमली की बारशाच्या दिवशी सगळ्यांनी तात्यांची पाठ थोपटली, असं आई सांगायची. ताईच्या लग्नात नवऱ्या मुलानं तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरंच नाव काढलं. ते त्याच्या नावाला जुळणारं होतं. म्हणजे माझं नाव जिच्या नावावरून ठेवलं, तिला ते नाव एकोणिसाव्या वर्षी सोडावं लागलं आणि दुसऱ्या कुणाशी नव्यानं जुळवून घ्यावं लागलं. तेव्हा मी वरातीत नाचत होतो.

तात्या गेल्यावर वारसांची नोंद झाली. सातबाऱ्यावर आईचं, ताईचं आणि माझं अशी नावं आली. ताईचं जुनं नाव तिथं शेवटचं लिहिलं गेलं. वर्षभरात हक्कसोडपत्र झालं. ती आदल्या रात्रीच्या गाडीनं आली, सकाळी निबंधकाच्या कार्यालयात सही केली, आम्ही साडीचोळी केली, दुपारच्या गाडीनं ती परत गेली. तलाठ्यानं गाव नमुना सहामध्ये फेरफार घेतला आणि तिच्या नावाला कंस पडला. हिंदू वारसा कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रानं १९९४ साली अविवाहित मुलींना आणि २००५ साली देशानं सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. बापाच्या वाट्यात तर तिचा हिस्सा १९५६ पासूनच होता. माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती आणि तिच्यावरही कुणी केली असं म्हणता येणार नाही. "भावाचं घर उघडं राहू द्या," एवढंच ती म्हणाली. बहिणी हेच म्हणतात. जिच्या नावाशी माझं नाव जोडीनं शोभत होतं ती ओळ कंसात गेली आणि खाली माझं एकट्याचं उरलं.

म्हणून कुणी नाव जुळवायला सांगितलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाचं नाव कुणासाठी छाटताय? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं सरकारी कागदांत आधी आईचं आणि मग बापाचं नाव लावायचं ठरलंय. भाचीला मी म्हणालो, तुला जुळवायचंच असेल तर बाळाच्या नावाला तुझं स्वतःचं नाव जोडून म्हणून बघ, ते जन्मभर त्याला चिकटणार आहे. आणि एका कागदावर दोघांची नावं एकाखाली एक लिही, पुढं गट नंबर टाक, सारखं सारखं क्षेत्र टाक, आणि मग शोभतात का ते सांग. ती हसली. मग म्हणाली, "मामा, तुम्ही बी ना. थांबा, आईला देते."

ताई बाळंतपणासाठी तिथंच होती. तिनं सगळं ऐकलं असावं. लातूरच्या त्या दोन खोल्यांत फोन लपत नाही.

"तुझं नाव तात्यांनी माझ्यावरून ठेवलं होतं, ध्यानात हाय का?" तिनं विचारलं.

हाय, म्हणालो.

"मग बारशाला सकाळीच ये. पाळणा बांधायला माणूस न्हाई."