एन उणे एक आहे का?

एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रेशन बारावीचं पोर झोपेतही सांगतं. घात एकनं वाढवा, वाढलेल्या घातानं भागा, प्लस सी. हेच गणित मॅक्सिमा या संगणकावरच्या गणिती प्रणालीला घातलं तर उत्तराआधी प्रश्न येतो: एन उणे एक आहे का? नाही म्हटलं की ओळखीचं सूत्र मिळतं, हो म्हटलं की लॉग एक्स. घात उणे एक असला तर छेदात शून्य येतं आणि सूत्र कोसळतं. ही अट पुस्तकात सूत्राशेजारीच छापलेली असते. पाठांतरात नेमकी तीच गळते.

मॅक्सिमा फुकट मिळते. तिचं मूळ 1968 साली एमआयटीत सुरू झालेल्या कामात आहे. वुल्फ्राम अल्फा 2009 पासून मोबाइलवरही उत्तर देतं. पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातून गाइड आणण्याची गरज उरली नाही, आणि मुलांचा हात बसणार कसा, ही शिक्षकांची काळजी मला अगदी रास्त वाटते. हात बसल्याशिवाय गणित येत नाही.

पण यंत्र आतून काय करतं, हेही मुलांना सांगायला हवं. रॉबर्ट रिश यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या रीतीत लॉग आणि घातांकी फलांना एक्ससारखंच आणखी एक चल मानतात. मग बरंचसं काम बहुपदींचे भागाकार, अवयव, मसावि यांवर येतं. म्हणजे शाळेतलं बीजगणित! पुण्यात 1976 साली भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर याच बीजगणिताची थोरवी आयुष्यभर सांगत राहिले. ईचा उणे एक्स-वर्ग घात घेतला, तर नेहमीच्या फलांत त्याच्या इंटिग्रेशनचं उत्तरच नाही. असं का होतं, याचा पाया लिउव्हिल यांनी 1830च्या दशकात घातला. 'उत्तर नाही' हे सिद्ध करता येतं, ही गोष्ट मला कुठल्याही उत्तरापेक्षा मोठी वाटते आणि बारावीत ती कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

म्हणून परीक्षेत नुसतं 'सोडवा' म्हणू नये. दोन उत्तरं द्यावीत आणि ती एकाच प्रश्नाची आहेत का, असं विचारावं.

परवा भाची वही घेऊन आली. सायन एक्स गुणिले कॉस एक्स. वहीत अर्धा सायन-वर्ग, पडद्यावर उणे अर्धा कॉस-वर्ग. "मामा, माझं चुकलं ना?"

"दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह काढ बघू."

दोन्हींकडून सायन एक्स कॉस एक्सच आलं. ती गोंधळली. मग म्हटलं, आता एकातून दुसरं वजा कर. सायन-वर्ग आणि कॉस-वर्ग मिळून एक झाले, हातात अर्धा उरला. नुसता अर्धा, एक्सचा पत्ताच नाही. ती बराच वेळ त्या अर्ध्याकडे बघत राहिली आणि मग वर, आपल्याच ओळीच्या शेवटी सवयीनं लिहिलेल्या 'सी'भोवती तिनं पेन्सिलीनं गोल केला.