दोन दगड

वाद्यवृंद बरखास्त झाला, असं मालक येऊन सांगतो आणि चालता होतो. तोक्योतला चेलोवादक दाइगो कोबायाशी एका दिवसात बेकार होतो. हातातला चेलो त्यानं नुकताच एक कोटी ऐंशी लाख येनला कर्जावर घेतलेला असतो, आणि ती किंमत बायकोलाही सांगितलेली नसते. चेलो विकून दोघं यामागाता प्रांतातल्या त्याच्या गावी, आईनं मागं ठेवलेल्या घरात राहायला येतात. तिथं त्याला वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसते: प्रवासाला निघालेल्यांना मदत करण्याचं काम. पर्यटनाचा व्यवसाय असेल अशा समजुतीनं तो जातो. छपाईत चूक झालेली असते. प्रवास खरा, पण शेवटचा. मृतदेह स्वच्छ करून, सजवून शवपेटीत ठेवणाऱ्या माणसाला, म्हणजे 'नोकानशी'ला, मदतनीस हवा असतो.

ही गोष्ट योजिरो ताकिता यांच्या २००८ सालच्या 'डिपार्चर्स' या जपानी चित्रपटाची. तो मी आजवर चार वेळा पाहिला. २००९ साली त्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पण मी त्याच्याकडे परत परत जातो ते वेगळ्या कारणासाठी. नोकरी गेलेल्या माणसाला आपण जो सल्ला देतो, तो या चित्रपटानं साफ खोडून काढला आहे.

आपण म्हणतो, स्वतःला ओळख, आवड कशात आहे ते शोध. दाइगोला आवड शोधायची गरजच नव्हती. लहानपणापासून तो चेलो वाजवत होता. तीच आवड त्याला वाऱ्यावर सोडून गेली, आणि चेलो विकल्यावर त्याला चक्क हलकं वाटलं. पुढे आयुष्याला अर्थ आला तो न आवडणाऱ्या, केवळ पगारासाठी पत्करलेल्या कामातून. पहिल्याच मोठ्या कामात त्याला दोन आठवडे घरात पडून राहिलेल्या वृद्धेचा देह उचलावा लागतो. त्या रात्री घरी ताटात कच्ची कोंबडी दिसताच त्याला उमळून येतं. इथं ध्येयाचा साक्षात्कार वगैरे काही नाही. हात आधी शिकतात, मन फार मागाहून येतं.

आणि ते हात काय करतात, ते दिग्दर्शकानं घाई न करता दाखवलं आहे. घरची माणसं समोर बसलेली. मृताच्या अंगावर पांघरूण. त्याखालून जुने कपडे काढायचे, अंग पुसायचं, नवा किमोनो चढवायचा, आणि हे करताना त्वचेचा एवढासाही भाग कुणाला दिसू द्यायचा नाही. मग दाढी, चेहऱ्याला रंग, हात जोडून बोटांत जपमाळ. त्सुतोमू यामाझाकी यांनी साकारलेला वृद्ध मालक सासाकी हे करतो तेव्हा त्याच्या हालचालीत एकही हिसका नसतो. दाइगो शेजारी बसून नुसता बघत राहतो. एखाद्या गवयाकडं शागीर्द बसतो, तसा. चेलोवर तयार झालेली बोटं इथं कामी येतात.

आवड शोधण्याचा तो सल्ला आपल्या गिरणी कामगारांपुढं ठेवून बघा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर साच्यावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांनी हमाली केली, भाजी विकली, रात्रपाळीचा पहारा केला. त्यांना 'तुमची आवड शोधा' असं सांगायची कुणाची छाती झाली असती? पोट आधी, हे त्यांना ठाऊक होतं. पण पोटाचं काम मिळूनही अनेक माणसं आतून मोडली. कारण काम मिळालं तरी त्या कामाकडं आदरानं बघणारी नजर मिळाली नाही.

ही नजर हाच माझ्या मते या गोष्टीचा गाभा. चित्रपटाचं मूळ शिनमोन आओकी यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. धंदा बुडाल्यावर आओकी या कामात शिरले. काकांनी त्यांना घराण्याला कलंक म्हटलं. पुढे एकदा ते ज्या घरी गेले, तो मृत माणूस त्यांच्या जुन्या प्रेयसीचा बाप निघाला. देह धुताना कपाळावरून घाम ओघळत होता. ती शेजारी येऊन बसली आणि तिनं तो पुसला. तेवढ्या एका कृतीनं त्यांचं आयुष्य उजळलं. पटकथेत आपला धर्मविचार उतरला नाही म्हणून आओकींनी चित्रपटाला आपलं नाव लावू दिलं नाही. तरी त्यांची ही नजर चित्रपटात आलीच. दाइगोची बायको मिका या कामाला विटाळ म्हणते आणि निघून जाते. परतल्यावर ती नवऱ्याला काम करताना पाहते. त्याला तोडून बोलणारा बालमित्र स्वतःच्या आईचा अखेरचा साज पाहतो. दोघांची नजर बदलते, आणि मगच दाइगो ताठ बसतो.

इथवर मी चित्रपटाच्या बाजूनं आहे. पण एका ठिकाणी तो मला अपुरा वाटतो. दाइगो बाहेरून आला आहे आणि नको वाटलं तर तो जाऊ शकतो. जपानमध्ये मृत देहाशी, जनावरांच्या कातड्याशी संबंधित कामं शतकानुशतकं बुराकुमिन समाजावर लादली गेली. आपल्याकडं मसणजोगी समाजाचं नावच स्मशानाशी बांधलेलं आहे. जन्मानं गळ्यात पडलेल्या कामात सौंदर्य शोधा, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ते सौंदर्य निवड करणाऱ्याला परवडतं.

म्हणून 'डिपार्चर्स'च्या शेजारी मी नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' ठेवतो. त्यातही एक हलकं मानलं गेलेलं काम आहे, डुकरं पकडण्याचं. जब्या या शाळकरी मुलाच्या कैकाडी घराला ते करावंच लागतं, आणि शाळेतली मुलं कुंपणावरून बघत हसतात. तिथंही माणसं बघतात, पण त्या नजरेनं जब्या सोलून निघतो. जपानी चित्रपटात दगड हे पत्र आहे: बापलेकांनी एकमेकांना दिलेला, मनातलं न बोलता सांगणारा. अखेरीस मृत बापाच्या मुठीतून लहानग्या दाइगोनं दिलेला दगड निघतो आणि त्याचा बापावरचा राग विरतो. 'फँड्री'च्या अखेरीस जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्याकडं भिरकावतो. मला दोन्ही दगड खरे वाटतात. पहिला हातात घेऊन रडण्याचा हक्क दुसऱ्याचा मार झेलल्याशिवाय मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझे वडील गेले तेव्हा आम्ही भाऊ नुसते उभे होतो. बांबू किती लांबीचे घ्यायचे, सुतळी कुठून आवळायची, आंघोळ घालताना मान कशी धरायची, यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका काकांना बोलावणं गेलं. आमच्या भागात कुणीही गेलं की तेच येत. त्यांनी तिरडी बांधली. मग वडिलांच्या डोक्याखाली हात घालून, तान्ह्या मुलाला धरावं तसं धरून, पाणी घातलं. कानामागचं पाणीसुद्धा टिपून घेतलं. शेजारच्या घरात सगळ्यांसाठी चहा झाला होता. काका हातपाय धुऊन तसेच निघून गेले. त्यांना चहा कुणी विचारला नाही. मीही नाही.