पालथा रांजण

फुकट केलेल्या कामाची जबाबदारी किती दिवस असते? हा प्रश्न मला एका मेसेजमुळे पडला. तो कसा पडला ते आधी सांगतो.

२०२१ मध्ये ऑफिस पुण्यात होतं आणि मी पाथरीत. खाली रेंज येत नसे, म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसायचो. कामात एक ओपन सोर्स लायब्ररी वापरत होतो. आकडा दिला की ती तो अक्षरात लिहून देते, पावतीवर ‘अक्षरी रुपये’ असतं ना, त्यासाठी. मराठी निवडून बघितलं तर ६९ ला ‘उनहत्तर’ आलं. कोणीतरी हिंदीची यादी उचलून मराठीच्या खात्यात टाकली होती. मी ‘एकोणसत्तर’ केलं, मग शंभरपर्यंतचे सगळे आकडे आजीला मोठ्याने वाचून दाखवले, तिने तीन चुका काढल्या, आणि दुरुस्ती पाठवून दिली.

दोन दिवसांनी प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं. तो कुठल्या देशातला आहे हेही मला माहीत नाही. त्याने आभार मानले आणि विचारलं, मराठीचा भाग तू बघशील का? मी म्हटलं, बघतो. हा शब्द द्यायला मला एक सेकंद लागला. पगार नाही, करार नाही, कोणी ओळखत नाही, आणि तरी त्या दिवशी मला नोकरी लागली तेव्हापेक्षा जास्त भारी वाटलं होतं.

त्यानंतर मी लाख-कोटींचा भाग नव्याने लिहिला. मग नोकरी बदलली, लग्न झालं, आणि लायब्ररीकडे बघणं सुटलं. वर्षभराने एका पतसंस्थेचं काम करणाऱ्या मुलाचा मेसेज आला. त्यांच्या वार्षिक अहवालात ‘एक कोटी शून्य लाख पाच हजार’ असं छापून आलं होतं. सभेत लोक हसले होते. शेवटचं वाक्य होतं, ‘जमत नसेल तर जबाबदारी घेता कशाला?’

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. तू मला किती पैसे दिलेस? लायसन्स वाच. आमचं लायसन्स एमआयटीचं आहे. त्यात कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. कायद्याने मी त्याचं काहीच लागत नव्हतो. पण तो ‘शून्य लाख’ माझ्याच कोडमधून आला होता, आणि कायद्याने सुटलो म्हणून मनातून सुटता येईना.

आजोबांची आठवण झाली ती इथे. माजलगावहून परभणीला जाणारा रस्ता पाथरीतून जातो. आमचं जुनं दुकान होतं तिथे आजोबा दर उन्हाळ्यात पाणपोई लावायचे. दोन रांजण, ओलं फडकं, साखळीने बांधलेला पेला. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना त्या पेल्याची किंमत सांगायला नको. पण आजोबा लग्नाकार्याला गावाला निघाले की आधी रांजण रिकामे करून पालथे घालायचे. मी एकदा विचारलं, असेच ठेवले तर काय होतं? ते म्हणाले, “रिकामा रांजण उताणा ठेवू नये बाबा. लांबून येणाऱ्याला उगं आस लागती.”

पाणपोई लावायची सक्ती कोणावर नाही. उद्या बंद केली तरी कोणी जाब विचारू शकत नाही. पण पाणपोई आहे असं दिसतंय आणि आत पाणी नाही, किंवा आठवड्याचं शिळं पाणी आहे, तर ती फसवणूक झाली. माणूस तुमच्या भरवशावर पुढच्या विहिरीकडे न जाता इथे थांबला. म्हणजे कर्तव्य देत राहण्याचं नाही. कर्तव्य आहे ते आपल्यामुळे लागलेली आस खोटी राहू न देण्याचं. माझं नाव मराठीच्या भागापुढे वर्षभर तसंच होतं. रांजण उताणा होता.

मग सरळ उपाय वाटतो की आपल्याला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्यावं. तेही तितकं सोपं नाही. एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, फाइल दाबून लहान करणारं. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर ते असतं. लासे कॉलिन हा एकटा माणूस ते अनेक वर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जण त्याच्या मागे लागले, काम हळू चाललंय, दुसऱ्याला घे. त्याने लिहिलं की तब्येतीमुळे माझ्या मर्यादा आहेत आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मनापासून मदत करत होतं. हळूहळू त्याच नावाकडे अधिकार गेले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खोदत गेला आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला. थकलेल्या माणसाला दिलेली मदत हाच सापळा होता. त्याला घाई करणारे इतके जण होते, पण त्याच्यासोबत भरवशाने बसणारं कोणी नव्हतं.

यात मला पाणी पिणाऱ्यांची बाजू दिसली. शेतात इर्जिक घालतात तेव्हा गावातले लोक एका दिवसात एकाचं काम उरकून देतात, तो जेवण घालतो. कोण जेवला आणि दुसऱ्याच्या वेळी आला नाही, हे गावाला माहीत असतं. सॉफ्टवेअरमध्ये जेवणारे अगणित आहेत आणि कोणी कोणाचं तोंड बघितलेलं नाही. तुम्ही अँड्रॉइड फोनवर हे वाचत असाल तर ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य नीट जुळून दिसतोय, कारण हार्फबझ नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर अक्षरं जुळवून मांडतंय. त्याचं नाव तरी आपण कधी ऐकलं होतं?

आणि मी? ऑफिसात आम्ही शेकडो लायब्रऱ्या वापरतो. त्यांच्यावर उभ्या असलेल्या कामाचा पगार मला दर महिन्याला मिळतो. जुने मेसेज चाळताना मला मीच एका अनोळखी मेंटेनरला लिहिलेलं वाक्य सापडलं, ‘हे कधी दुरुस्त होणार? आमचं रिलीज अडलंय.’ आभार नाहीत, नमस्कारही नाही. पतसंस्थेच्या मुलाने निदान चूक नेमकी कुठे आहे ते नीट सांगितलं होतं.

त्या रात्री मी ‘शून्य लाख’ दुरुस्त केलं. अर्ध्या तासाचं काम होतं. ते उपकार म्हणून केलं नाही, घाण मी केली होती म्हणून केलं. मग प्रकल्पाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाच्या जागी लिहिलं, ‘मराठीचा भाग सध्या कोणी सांभाळत नाही. एक ते शंभर तपासलेले आहेत. त्यापुढचे आकडे छापण्याआधी स्वतः वाचून बघा.’ हे लिहिताना हात जड झाला. गच्चीवर दिलेला तो शब्द मी परत घेत होतो.

मुलाला कळवलं, माफी मागितली, आणि विचारलं, तुला हे काम शिकायचंय का? अधिकार लगेच देणार नाही, पण वर्षभर तुझी प्रत्येक दुरुस्ती तुझ्यासोबत बसून बघेन. अजून उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी त्याची चूक नाही, तो फक्त पाणी प्यायला आला होता. तोवर रांजण पालथा आहे, आणि लांबून येणाऱ्याला तो पालथा दिसतोय.