वारस नोंद

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात. एक चष्मा आणि दुसरे पूर्वज. त्यातला चष्मा परवडतो. पूर्वजांचं तसं नाही. ते एकदा शोधायला घेतले की कुठून कसे निघतील याचा भरवसा नसतो, आणि पसंत पडले नाहीत तर बदलून मिळत नाहीत.

आमच्या ब्रँचमध्ये सध्या पूर्वजांची साथच आहे. एकाचे मूळपुरुष रायगडावर होते, दोघांचे पानिपतावर पडले. (जे पानिपतावरून परत आले, त्यांना वंशजच नसावेत, मला तरी अजून एकही भेटलेला नाही.) आमचे कॅशियर चौदाव्या पिढीपर्यंत पोचलेत. परवा त्यांना सहज विचारलं, "साहेब, आईच्या आजीचं नाव काय हो?" तर म्हणाले, "ते घरी विचारून सांगतो."

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध लग्नानंतर आला तेवढाच. पण साधी बेरीज मला येते. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या वरचे आठ, असं करत गेलं तर सातव्या पिढीला माणसं होतात १२८. आपण वंशवृक्ष काढतो त्यात त्या १२८ पैकी एक मिशीवाला घेतो, बाकीचे १२७ सोडून देतो आणि खाली लिहितो, ‘आमचं घराणं’. १२८ खात्यांपैकी एकच खातं दाखवून मी ताळेबंद जुळला म्हटलं, तर ऑडिटर मला चहासुद्धा पाजणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही कशाला या फंदात पडलात? पडलो नाही, पाडलं. आमचं गाव पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजूला. वडील गेल्यावर जमिनीची वारस नोंद करायची होती. काका म्हणाले, "जातोच आहेस तर जुने फेरफारही काढून आण. आपली पाटीलकी होती. कागद मिळाला तर फ्रेम करून लावू." १९६२ साली सरकारनं कायदा करून पाटीलकी बंद केली, पण काकांच्या मिशीपर्यंत तो कायदा अजून पोचलेला नाही.

शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास ताम्रपटावर नसतो, गावनमुन्यात असतो. नमुना सात आणि नमुना बारा मिळून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातं आणि जुन्या काळी चौदा म्हणजे जन्ममृत्यू. आमच्याकडे हक्कनोंदणी आली ती १९०३ च्या कायद्यानं. त्याच्याही मागे जायचं तर १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, तिथपर्यंत जाता येतं. पण वाटेत मोडी आडवी येते. २०२३ मध्ये सरकारनं कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला जावयासारखा मान आहे.

सांगली-कोल्हापूरकडे हेळवी नावाचे लोक दारी येऊन वंशावळ सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत ती मिळते. पण तिथं समोर यजमान बसलेला असतो. त्याचा पणजोबा वाईट कसा निघेल? सरकारी दप्तराला अशी भीड नाही. ते माणसाची दखल चारच वेळा घेतं : तो मेला, त्यानं कर्ज काढलं, त्यानं जमीन विकली किंवा तो भांडला. सुखानं जगणाऱ्याला दप्तरात जागा नाही.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळाली. ती वाचायला एक निवृत्त गुरुजी मिळाले. पाटीलकीबद्दल एक अक्षर नव्हतं. सापडलं ते भलतंच. पणजोबांचे थोरले भाऊ वारले, मूलबाळ नाही, म्हणून सात एकरांना वारस त्यांची विधवा. बाईंच्या नावाच्या जागी कागदाला कसर लागलेली. शिल्लक होतं ते ‘भ्रतार’, आणि त्याच्यापुढे नवऱ्याचं अख्खं नाव. कसरीलाही काय खायचं ते बरोबर कळतं.

दोन वर्षांनी पुढची नोंद. सदर बाईनं राजीखुशीनं सगळी जमीन दिराला सोडली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार दोन, आणि दोघंही पणजोबांचे सख्खे मेहुणे. माझी निम्मी नोकरी अंगठे तपासण्यात गेली. राजीखुशीचा अंगठा कसा दिसतो आणि कसा दिसत नाही हे शाईवरून सांगता येत नाही, पण साक्षीदारांवरून बरंच सांगता येतं. त्यानंतर सातबाऱ्यावर बाईच्या नावाला कंस. आपल्या सातबाऱ्यावर नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. खोडण्यापेक्षा ते सभ्य दिसतं.

गावात आमची एक आत्या आहे, ऐंशीच्या पुढची. तिला विचारलं, "आत्या, ही कोण गं?"

"आरं, थोरली म्हनायची समदी तिला. जिमीन ग्येली तशी माह्यारी ग्येली, ती पुन्यांदा आली न्हाई. त्या मळ्याला नाव तिचंच हाय की."

"तो तर थोरला मळा."

"थोरला न्हवं रं, थोरलीचा मळा. तुमच्या काकानं त्यातली बाई काढून टाकली."

त्या मळ्याचा वाटा वडिलांकडून आता माझ्याकडे येणार होता. तेव्हा हा विषय इतिहासाचा राहिला नाही, हिशेबाचा झाला.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "शंभर वर्षं झाली त्याला!" म्हटलं, "काका, पाटीलकीला त्याहून जास्त झाली." पण ते ताजं होतं आणि हे शिळं. माझा असा अनुभव आहे, की अभिमानाला मुदतीचा कायदा लागू होत नाही, लाजेला मात्र ताबडतोब लागू होतो. पूर्वजानं तलवार गाजवली ती ‘आम्ही’ गाजवली. पूर्वजानं अंगठा घेतला तो ‘त्या काळात असंच चालायचं’.

आमच्या मुलुखात तर ही गंमत जास्तच. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकून जाळले. मग पुणे-नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं, आणि सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. न वाचता अंगठा द्यावा लागणाऱ्यांचा तो संताप होता. आम्ही सगळे त्यांचे वंशज, हे आम्ही छाती काढून सांगतो. पण त्याच घरात, दोनच पिढ्यांनी, अंगठा घेणारेही जन्मले. तेही आमचेच.

वारसाच्या देण्याबद्दल आपल्या जुन्या धर्मशास्त्राचं गणित बँकेलाही लाजवील असं आहे. बापाचं कर्ज मुलानं व्याजासह फेडावं. आजोबांचं नातवानं फेडावं, पण नुसतं मुद्दल, व्याज माफ. पणतूला दोन्ही माफ, मात्र एका अटीवर : त्यानं इस्टेट घेतलेली नसावी. पुढे मुंबई इलाख्यात १८६६ साली कायदा झाला, की वारसानं मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं द्यावं. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर नव्या कर्जासाठी केवळ ‘पुत्रधर्म’ म्हणून मुलाच्या मागे लागायची सोय कायद्यानं काढूनच टाकली. म्हणजे मी सगळीकडून सुटतो. अडकतो ते एकाच ठिकाणी. मी नेमका पणतू आहे, आणि इस्टेट नेमकी घेतोय.

कोणी म्हणेल, पणजोबांच्या कृत्याला तुम्ही कसे जबाबदार? मला पटतं. गुन्हा रक्तातून येत नाही. पण मग पराक्रमही येत नाही. दोन्ही बाजू कोऱ्या ठेवायच्या तर माझी तयारी आहे, काकांनी मिशी उतरवावी. जमेची बाजू ठेवायची असेल तर नावेची बाजूही ठेवावी लागेल. नुसत्या जमेच्या बाजूला खातेवही म्हणत नाहीत, त्याला अभिनंदनाचा ठराव म्हणतात. आणि या दोन्हींच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट उरतेच. गुन्हा आला नाही, पराक्रम आला नाही, पण मळा आला.

थोरलीला मूल नव्हतं. तिच्या माहेरचं गाव आत्यालाही आठवत नाही. म्हणजे देणं आहे आणि घेणेकरी नाही. बँकेत अशी रक्कम वेगळ्या खात्यात टाकतात आणि विसरतात. मी तो विचार करत होतो, तेवढ्यात गावातले एक हितचिंतक कागद घेऊन आले. "ताईंची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाका. साडीचोळी करा. सगळे करतात." आमची ताई सही करायला पेन उघडून बसली होती. मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे २००५ पासून कायदा सांगतोय, पण साडीचोळीचा कायदा त्याच्याहून जुना. साक्षीदार म्हणून दोन नावं आधीच लिहिली होती. त्यातलं एक माझ्या मेहुण्याचं होतं.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि तलाठ्याकडच्या अर्जात तीन नावं लिहिली : आई, ताई आणि मी.

ताई म्हणाली, "दादा, मला काय करायचीये जमीन? तुझ्या मुलांना होईल."

म्हटलं, "नको असेल तर पुढे विक, दान कर, पडीक ठेव. पण आधी नाव लागू दे."

काकांनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी विचारलं, "तिनं मागितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"काका, थोरलीनंही मागितलं नव्हतं."

यानं थोरलीचे सात एकर फिटत नाहीत, हे मला चांगलं कळतं. बँकेच्या भाषेत मुद्दल आहे तिथंच आहे, मी फार तर एका वर्षाचं व्याज भरलं. पण थकलेल्या खात्यात थोडं जरी भरलं तरी खातं चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग.

काकांची फ्रेम अजून रिकामी आहे. मी त्या अंगठ्याच्या नोंदीची नक्कल त्यात बसवायला सुचवलं. म्हटलं, आपल्या घराण्याचा एवढा एकच कागद सापडलाय. काकांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, तिथं ओल फार आहे.