शेवटचा भारा

सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर, डोंगराच्या खांद्याला एक गाव होतं. घरं वर, विहीर खाली ओढ्याकाठी आणि मधल्या सगळ्या उतारावर गवत. बायका डोक्यावर हंडे घेऊन रोज तो चढ चढायच्या. गुरं त्याच उतारावर चरायची.

ही गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली. पावसानं पाठ फिरवली होती. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात. तिथं सुकडी मिळायची, मजुरी मिळायची. घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी. माणसांचं असं कसंबसं चाललं होतं. गुरांना मात्र उतारावरच्या वाळक्या गवतावाचून दुसरं काही नव्हतं.

गावाची गुरं राखायला एक म्हातारा गुराखी होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. पोरगा त्याला आबा म्हणायचा, म्हणून गावही आबा म्हणू लागलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायचं ठरलं. एक तरणा शेतकरी धोतराचा काचा मारून पुढे झाला. त्याला कामाचा भारी उरक. पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात आबा म्हणाला, "थांब. आधी दिवा जाऊ दे."

आबानं कंदील पेटवून दोराला बांधला आणि हळूहळू आत सोडला. निम्म्यावर ज्योत बारीक झाली. आणखी दोन हात खाली गेली आणि विझली.

वारा नव्हता, पाणी उडालं नव्हतं. तरी दिवा विझला. शेतकरी मुकाट्यानं काठावर बसला.

"खालची हवा कोंडलीय," आबा म्हणाला. "जिथं दिवा जगत नाही, तिथं माणूसही जगत नाही."

मग लिंबाच्या डहाळ्यांचा मोठा जुडगा दोराला बांधून तो विहिरीत बराच वेळ वरखाली केला. पुन्हा दिवा सोडला. पुन्हा विझला. पुन्हा डहाळ्या. तिसऱ्यांदा कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा शेतकरी उतरला. संध्याकाळपर्यंत गाळ निघाला आणि झरा मोकळा झाला.

गावानं आबाचं नाव काढलं. शेतकऱ्यानं तर सगळ्यांत जास्त.

पौषात आबा पाटलांकडे गेला. "पाटील, गवत अजून बुडात थोडं ओलं आहे. आत्ताच जाळरेषा काढू. घरांच्या खालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंधरा पावलं रुंद. गवत कापायचं, बुडखे खरवडायचे, पालापाचोळा झाडून घ्यायचा. नुसती माती राहिली पाहिजे."

चावडीवर माणसं जमली. वणवा अडवायला जाळरेषा हवी, याला कोणी नाही म्हणेना, पण रुंदीवरून घासाघीस सुरू झाली. एक म्हणाला, पंधरा कशाला, दहा पुरेत. दुसरा म्हणाला, सहा. खडीवर जाऊन दमलेला एकजण म्हणाला, पायवाट आहेच की, तीच जरा रुंद करा. शेतकरी म्हणाला, "आबा, दुष्काळात गवताच्या काडीकाडीला मोल आहे. तीन पावलं काढू. आग काय पायात पैंजण घालून नाचत येणार आहे का?"

सगळे हसले. विहिरीतला दिवा विझलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. वणवा अजून कोणी पाहिला नव्हता.

आबा वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं सगळ्यांना माथ्यावरच्या उघड्या कातळावर नेलं. पोरानं कातळ झाडून काढला. चार माणसांना ओल्या डहाळ्या हातात देऊन चहूबाजूंनी उभं केलं. मग आबानं कुसळीच्या वाळक्या गवताची एक पेंढी पेटवली आणि काठीनं उडवली.

पेंढी जागच्या जागीच पडली, पण तिच्यातल्या काड्या उठल्या. लाल टोकाच्या बारीक बारीक काड्या वाऱ्यावर तिरप्या गेल्या. पोरगा त्यांच्यामागं धावला. जिथं शेवटची काडी पडली आणि अजून लाल होती, तिथं त्यानं धोंडा ठेवला. आबानं पेंढीपासून धोंड्यापर्यंत पावलं मोजली. पंधरा भरली.

"ही एका पेंढीची गोष्ट," आबा म्हणाला. "रुंदी कमी करायची असेल, तर वाऱ्याला विचारा. माझी हरकत नाही."

पाटील म्हणाले, "पंधरा."

प्रत्येक घराला एक तुकडा वाटून दिला. ज्यानं जेवढं गवत कापलं तेवढं त्याचं. शेतकऱ्याचा तुकडा त्याच्याच गोठ्याखाली आला. त्यानं सगळ्यांत आधी काम उरकलं. बुडखे खरवडले, काटक्या वेचल्या, तुकडा शेणानं सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ केला. आबानं पाठीवर थाप दिली.

भारे तेवढे राहिले होते. गोठा वर, भारे खाली आणि चढ उभा. त्यानं पाच-सहा भारे नेले. मग दिवस मावळला. उरलेले भारे त्यानं जाळरेषेतच एकावर एक रचले.

"आता झालं ना, आबा?"

"भारे वर ने. मग झालं."

"उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी खडीवर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं. पुढं पुढं त्याला ती सोयच वाटू लागली. रोज संध्याकाळी बैलांपुरता एक भारा खालून आणायचा. आबानं आठवण केली की तो म्हणायचा, "गवत काय पळून जातंय का?" तसं पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. गवत पळून गेलं नाही. जिथं ठेवलं होतं, तिथंच राहिलं.

फाल्गुन उजाडला. एके दिवशी दुपारी खालच्या गाडीवाटेजवळून धूर निघाला. कोणी बांध पेटवला की विडी टाकली, ते कधीच कळलं नाही. वणवा लावणारा वणव्यापाशी थांबत नसतो. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं, असंही पुष्कळांना वाटतं. पाऊस झाला की जळल्या रानावर हिरवं लवकर दिसतं, हे खरं. खालची माती वाहून जाते, ती डोळ्यांवर येत नाही.

वारा खालून वर होता. आग चढाला लागली.

पोरगा तेव्हा गुरं घेऊन उतारावरच होता. धूर पाहताच गुरं बिथरली आणि चढाकडे वळली. पोराच्याही पायांनी तीच ओढ घेतली. पण आबानं त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. त्यानं पुढच्या गाईच्या आडवं होऊन काठी मारली आणि कळप बाजूला वळवला. उताराच्या कडेला नांगरून पडलेलं काळं रान होतं. पाऊस नाही म्हणून तिथं काडीसुद्धा उगवली नव्हती. गुरं त्या रानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पोरानं डोक्याचं फडकं नाकातोंडाला बांधलं आणि तोही त्यांच्यात उभा राहिला.

विहिरीवरच्या बायका हंडे टाकून ओढ्याच्या वाळूत गेल्या.

वरती आबानं आधी शेतकऱ्याचा गोठा गाठला. दाव्याची गाठ सोडत बसला नाही, विळ्यानं दावी कापली आणि बैल हाकलून दिले. तोवर खडीवरची माणसं धावत आली. हातात निर्गुडीच्या ओल्या फांद्या होत्या. पाणी कुणाकडेच नव्हतं. घागरभर पाण्यासाठी जिथं मैल तुडवायचा, तिथं आगीवर ओतायला पाणी कुठलं? दुष्काळात आग रिकाम्या जागेनंच विझवावी लागते.

आणि ती विझत होती. जाळरेषेपाशी येऊन ज्वाळा बसल्या. ठिणग्या उडाल्या, मातीत पडल्या, काळ्या झाल्या. एखादी पलीकडे गेली तर माणसं फांदीनं झोडपून दाबत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत आग थांबली.

फक्त गोठ्याखाली थांबली नाही. तिथं तिला भारे मिळाले.

भारे धडाडून पेटले. जळत्या पेंढ्या उसळून वर गेल्या आणि गोठ्याच्या छपरावर पडल्या. शेतकरी भाऱ्यांकडे धावला. दोन-चार तरी ओढून काढू म्हणून त्यानं हात घातला, तोच आबानं त्याला मागून धरून खेचलं. वर पळू दिलं नाही. गवत जळून जिथली जमीन काळी पडली होती, तिथं नेऊन बसवलं.

"इथं बस. इथं आता जळायला काही उरलं नाही."

गोठा गेला. आतला कडबा गेला. गावानं शेजारचं छप्पर दोऱ्या लावून ओढून पाडलं, म्हणून घरं वाचली.

अंधार पडायच्या आत वणवा विझला. माणसं घामानं आणि काजळीनं माखली होती. कोणी ओसरीवर, कोणी वाटेतच आडवं झालं. शेतकऱ्यानं भाजलेले हात मांडीवर ठेवून विचारलं, "आता झालं ना, आबा?"

आबा पोराला घेऊन खाली निघाला होता. जाता जाता म्हणाला, "नाही अजून."

दोघं जळलेल्या कडेनं चालत राहिले. गुरांच्या शेणाचे वाळके पोह जागोजागी पडले होते. वरून राख दिसायची. पोरानं काठीनं एक उलटला, तर आत निखारा. दुसऱ्यात निखारा. एका जुन्या खोडाच्या ढोलीतून धुराची बारीक रेघ निघत होती. पोह फोडायचे, माती टाकायची, तळहात जवळ नेऊन धग पाहायची. मध्यरात्री वारा सुटला, तेव्हा ती ढोली पुन्हा पेटली. पोरगा तिथंच पहाऱ्याला होता. त्यानं माती लोटून ती बुजवली.

दोन दिवसांनी आबा पुन्हा चावडीवर आला.

"उतार उघडा पडलाय. माती धरून ठेवायला काही उरलं नाही. वळवाची एक सर आली, की राख आणि माती खाली येईल. खाली काय आहे?"

खाली विहीर होती. हिवाळ्यात दिवा सोडून सोडून जिचा झरा मोकळा केला, तीच.

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. शेतकरी पहिला उठला. हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. टिकाव उचलता येईना, म्हणून तो धोंडे पायानं ढकलू लागला. सरकारी कामावर नाले बांधून बांधून सगळं गाव त्यात तरबेज झालं होतं. विहिरीकडे जाणाऱ्या प्रत्येक घळीत त्यांनी आडवे दगडी बांध घातले. मोठे धोंडे बुडाला, लहान वर, फटींत चिपा. विहिरीच्या तोंडाभोवती कमरेइतका कठडा रचला.

वैशाखात एका तिन्हीसांजेला वळीव कोसळला. विजा कडाडू लागल्या, तशी गुरं चिंचेखाली शिरायला निघाली. पोरानं त्यांना तिथून पिटाळलं आणि घराकडे वळवलं. गाव ओसरीत उभं राहून उताराकडे बघत होतं.

पाणी आलं ते काळं आलं. राख, माती, जळके बुडखे, सगळं घेऊन आलं. पहिल्या बांधाशी तुंबलं आणि वरून सांडलं. दुसऱ्याशी तुंबलं. एक बांध फुटला. खालच्या बांधांनी त्याचे धोंडे आणि गाळ अडवला. ओढ्यापर्यंत पोचलं ते नुसतं गढूळ पाणी. कठड्याला वळसा घालून ते निघून गेलं.

सकाळी बायकांनी विहिरीत पोहरा सोडला. पाणी स्वच्छ निघालं.

शेतकरी कठड्याशी उभा होता. बांधांमागं साठलेली काळी माती दिसत होती. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "आता तरी झालं ना, आबा?"

"आता झालं," आबा म्हणाला. "आपण दमलो म्हणून काम संपत नाही, बाबा. धोका सरला की संपतं."

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. उतारावर गवत आलं. पौषात आबानं पोराला चावडीवर पाठवलं, कारण त्याचे गुडघे आता चढ मानत नव्हते. पोरानं पंधरा पावलं सांगितली. एकजण म्हणाला, यंदा पाणी आहे, दहा पुरेत. शेतकरी त्याला म्हणाला, "चल कातळावर. येताना पेंढी आण."

त्या वर्षी शेतकऱ्याचा तुकडा सगळ्यांत शेवटी पुरा झाला. दिवस मावळला तरी तो चढ-उतार करत होता. बायको पुढं कंदील धरून चालत होती आणि उद्या नेलं तर काय बिघडतं म्हणून कुरकुरत होती. पोरगा जाळरेषेच्या टोकाला बसून भारे मोजत होता.

"दोन राहिले," तो ओरडला.

"तीन," शेतकरी खालून म्हणाला. "एक ओहोळात घसरलाय. तोही आणतो."