प्रश्न कोणाचा, पैसा कोणाचा?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत, अक्कलकुवा व धडगावकडचे पाडे वसले आहेत. तेथील भिल्ल व पावरा कुटुंबांत ‘सिकलसेल’ हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारांत एक असते. हाच आजार अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील बालकांनाही छळतो. सातपुड्यातील माता आणि युगांडातील माता एकमेकींची भाषा जाणत नाहीत. दुःख मात्र दोघींचे एकच आहे.

मग या दुःखावरचे संशोधन कोणी करावे, कोणाच्या पैशाने, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या प्रश्नावर? विषय अर्थकारणाचा भासला तरी तो मुळात नीतीचा आहे.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या आजारावरील दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. एका रुग्णामागे त्यांची किंमत वीस लाख डॉलरांहून अधिक आहे. विज्ञानाचे हे यश थोरच. परंतु धडगावच्या आईचा प्रश्न निराळा आहे. परवडेल अशी गोळी आहे का, ती किती द्यावी, तिने लेकराला अपाय तर होणार नाही ना?

अशी एक गोळी आहे : हायड्रॉक्सियुरिया. मलेरियाच्या प्रदेशात ती मुलांना द्यावी की नाही, ही शंका बराच काळ होती. वर उल्लेखिलेल्या चार आफ्रिकी देशांतील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह सहाशेंवर बालकांचा अभ्यास केला. २०१९ साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार वेदना, मलेरिया आणि मृत्यू, तिन्हींचे प्रमाण घटले. लेखकांत पहिले नाव किन्शासाचे डॉ. लेऑन त्शिलोलो यांचे आहे. पैसा बव्हंशी अमेरिकेतून आला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न रुग्णांच्या जीवनातून उगवला होता, हे महत्त्वाचे.

पण ते उत्तर जसेच्या तसे सातपुड्यात आणता येईल का? भारतीय रुग्णांमधील या दोषाची आनुवंशिक पार्श्वभूमी बरीचशी वेगळी आहे, आणि आजाराची तीव्रताही प्रांतोप्रांती सारखी नाही. म्हणूनच नंदुरबारच्या व किन्शासाच्या अभ्यासकांनी एकत्र बसावयास हवे. अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने १९८३ साली त्रिएस्ते येथे विकसनशील देशांतील वैज्ञानिकांची अकादमी स्थापन झाली, ती याच जाणिवेतून.

कोणी म्हणेल, उपाशी माणसाला आधी भाकरी द्या, संशोधन कसले? पण औषधाची योग्य मात्रा ठाऊक असणे हीही भाकरीच आहे. दुसरा कोणी म्हणेल, पैसा देणाऱ्याने विषय का ठरवू नये? त्याने पै-पैचा हिशेब जरूर मागावा. मात्र प्रश्न विकत घेऊ नये. प्रश्न विकत घेतला की गरीब माणूस केवळ रक्ताचा नमुना उरतो.

पोप पॉल सहावे १९६४ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांनी राष्ट्रांना शस्त्रखर्चाचा काही भाग गरिबांसाठी जागतिक निधीत देण्याचे आवाहन केले. १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या विश्वपत्रात त्यांनी त्याचा पुनरुच्चार केला. सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण. ज्ञान ही संपत्तीच नव्हे काय? मग त्यासाठी दिलेला पैसा ही भीक नसून देणे आहे.

यरीहोच्या वाटेवर प्रभू येशूने आंधळ्या बार्तीमयाला बरे केले. त्याची व्यथा उघड दिसत होती. तरीही प्रभूने आधी त्यालाच विचारले, तुझी इच्छा काय? सामर्थ्य ज्याच्या हाती, त्याने प्रथम विचारावे, हा दानाचा धडा आहे. ज्या पाड्यावरून रक्ताचे नमुने नेले, तेथे निष्कर्ष भिली-पावरी बोलीत परत पोहोचेपर्यंत ते संशोधन, प्रबंध कितीही छापले गेले तरी, अपुरेच समजावे.